स्वतंत्र लेखकाचे पाठबळ : ताराबाई शिंदे यांच्यापासून आजच्या बुलढाणा जिल्ह्यापर्यंत

बीजशब्द : स्वतंत्र लेखन, मुद्रणखर्च, वितरण, वृत्तपत्रांची विश्वासार्हता, सहकार, महाविद्यालयीन ग्रंथालय

प्रस्तावना :

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाच्या प्रतिभेची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने लेखकाचे पुस्तक कोणाच्या पैशाने छापले गेले, ते वाचकापर्यंत कसे पोहोचले आणि त्यावर टीका झाली तेव्हा लेखकाच्या बाजूने कोण उभे राहिले, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. आज कागद, छपाई आणि टपाल या तिन्हींचा खर्च वाढत आहे. दुसरीकडे, प्रस्थापित वृत्तपत्रे व वाहिन्यांवरील वाचकाचा विश्वास कमी होत चालला आहे. अशा काळात कोणत्याही माध्यमसंस्थेच्या पगारावर नसलेल्या लेखकाची समाजाला गरज वाढते. परंतु नेमक्या त्याच काळात त्याला लिहिणे परवडेनासे होते. हा पेच बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. एकशे चाळीस वर्षांपूर्वी याच गावातील एका लेखिकेने तो अनुभवला होता. त्या उदाहरणापासून प्रारंभ करून आजच्या परिस्थितीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१. स्वतंत्र लेखकाला कोणकोणत्या टप्प्यांवर पाठबळाची गरज असते, हे ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे.
२. वाढता खर्च आणि माध्यमांविषयीचा अविश्वास यांचा स्वतंत्र लेखनावर होणारा परिणाम पाहणे.
३. जिल्ह्यातील महाविद्यालये या संदर्भात काय करू शकतात, याचा विचार करणे.

संकल्पना :

जो लेखक आपल्या मजकुराविषयीचा अंतिम निर्णय स्वतः घेतो आणि ज्याची उपजीविका त्या मजकुराच्या मालकावर अवलंबून नसते, त्याला येथे स्वतंत्र लेखक म्हटले आहे. अशा लेखकाला तीन प्रकारचे पाठबळ लागते. पहिले मुद्रणापूर्वीचे, म्हणजे पैशाचे. दुसरे मुद्रणानंतरचे, म्हणजे वितरणाचे व वाचकाचे. तिसरे प्रतिकूल प्रतिक्रिया उमटल्यानंतरचे, म्हणजे सोबतीचे. सर्वसाधारणपणे समाज पहिल्याचा थोडाफार विचार करतो व उर्वरित दोन लेखकाच्या नशिबावर सोडतो. पुढील उदाहरणांतून ही बाब स्पष्ट होते.

पुस्तक निघाले, लेखिका थांबली :

ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० मध्ये बुलढाण्यात झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते व सत्यशोधक विचारांशी त्यांचा निकटचा संबंध होता. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणाच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ या सनातनी पत्राने समस्त स्त्रीजातीला दूषणे देणारा मजकूर छापला. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या गेल्या व किंमत नऊ आणे ठेवण्यात आली.

आजच्या भाषेत सांगायचे तर प्रस्थापित माध्यमाच्या एकांगी वृत्तांकनाला बुलढाण्यातील एका स्वतंत्र लेखिकेने दिलेले हे उत्तर होते. पहिला टप्पा येथे पार पडला. पुस्तक छापले गेले. त्यानंतर मात्र पुस्तकाची अवहेलना झाली आणि लेखिकेला बोल लावण्यात आले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मधील ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्या काळात अशा प्रकारे जाहीर पाठराखण करणारा दुसरा तोलामोलाचा लेखक आढळत नाही. एका फुल्यांचा आधार मोलाचा होता, पण तो एकट्याचा होता. ताराबाईंचे त्यानंतरचे एकही पुस्तक उपलब्ध नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी हा निबंध पुन्हा प्रकाशात आणला, तेव्हा मूळ प्रकाशनाला ९३ वर्षे उलटून गेली होती. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि बुलढाण्याच्या या लेखिकेचे नाव जगभरच्या विद्यापीठांत पोहोचले.

पुनर्शोधाचा आपल्याला अभिमान वाटतो व तो योग्यच आहे. परंतु पुनर्शोधामुळे न लिहिली गेलेली पुस्तके परत मिळत नाहीत. ताराबाईंनी चाळिशीत किंवा पन्नाशीत काय लिहिले असते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. पाठबळाच्या अभावाची किंमत मोजायची झाल्यास ती या न झालेल्या लेखनातच मोजावी लागते.

समविचारी पत्रातही जागा नाही :

स्वतंत्र लेखकाची अडचण केवळ विरोधी विचारांच्या पत्रांकडून येते असे नाही. १८८३ मध्ये फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ पत्रात छापली गेली. पुढची मात्र छापली गेली नाहीत. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधक चळवळीचेच पत्र होते. सरकारी रोषाची भीती असली की मित्राचे पत्रसुद्धा कसे मागे सरते, याचे हे बोलके उदाहरण आहे. त्याआधी १८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले होते. तेथेही ते नाकारले गेले. म्हणजे सरकारी अनुदान आणि स्वपक्षाचे पत्र हे दोन्ही दरवाजे त्यांच्यासाठी वेगवेगळ्या वेळी बंद झाले.

यावर फुल्यांनी काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. त्यांनी ‘असूडा’चे हस्तलिखित पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर आदी ठिकाणी लोकांसमोर वाचून दाखविले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीही ते ऐकले व द्रव्यसाहाय्य केले. ज्या ठिकाणी छापखान्याचा खर्च परवडत नव्हता आणि श्रोता निरक्षर होता, तेथे जाहीर वाचन हेच वितरण ठरले. वितरणाचा प्रश्न आधी सुटला की पैशाचा प्रश्न काही अंशी आपोआप सुटतो, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

प्रारंभीचे भांडवल आणि नंतरचा काळ :

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. तत्कालीन वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी असून बहिष्कृतांच्या प्रश्नांना त्यांत स्थान नाही, ही त्यांची पहिल्याच अंकातील भूमिका होती. प्रस्थापित माध्यमांवरील अविश्वासाचे याहून स्पष्ट विवेचन मराठीत क्वचितच सापडेल. ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही स्वीकारली नाही, हे सर्वश्रुत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी या पत्राला २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते.

त्या काळी ही रक्कम मोठी होती. तरीही १९२० मध्येच बाबासाहेब उच्चशिक्षणासाठी लंडनला गेल्यावर पत्राची घडी विस्कटली व १९२३ मध्ये ते बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ही १९२९ मध्ये थांबले. पत्राचा बहुतेक मजकूर बाबासाहेब एकटेच लिहीत असत आणि त्याबद्दल कोणतेही वेतन घेत नसत. वर्गणीदार अपुरे आणि समाज दरिद्री, अशा स्थितीत एका व्यक्तीच्या त्यागावर पत्र किती काळ चालणार? एकदाच मिळालेली मोठी देणगी पत्राला जन्म देऊ शकते. त्याचा सांभाळ मात्र नियमित वर्गणीनेच होतो, हा या दोन्ही पत्रांचा धडा आहे.

महाविद्यालयाच्या परिसरात वाढलेले नियतकालिक :

याच्या तुलनेत ‘अस्मितादर्श’चे उदाहरण वेगळे आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात डॉ. म. ना. वानखडे, डॉ. गंगाधर पानतावणे आदी प्राध्यापकांच्या प्रयत्नांतून या त्रैमासिकाचा उगम झाला. पानतावणे यांनी पुढे सुमारे पाच दशके त्याचे संपादन केले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांना मुंबई-पुण्याच्या मासिकांत जागा नव्हती असे कितीतरी दलित लेखक प्रथम येथे छापले गेले.

या दीर्घायुष्याची कारणे शोधताना तीन बाबी दिसतात. संपादकाची उपजीविका अध्यापनावर होती. त्यामुळे त्याला नियतकालिकातून पोट भरावे लागत नव्हते. महाविद्यालयातून दरवर्षी नवे लेखक व नवे वाचक मिळत होते. आणि लेखक-वाचक मेळाव्यांमुळे लिहिणारा माणूस एकटा राहत नव्हता. म्हणजे आरंभी सांगितलेली तिन्ही प्रकारची पाठबळे येथे कमीअधिक प्रमाणात एकत्र आली होती.

बुलढाणा जिल्ह्यातील लेखक व त्यांची उपजीविका :

जिल्ह्याच्या वाङ्मयीन परंपरेकडे पाहिल्यास हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे हे वकील होते. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकात गायक जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे महाराष्ट्रभर पोहोचली. त्याच नावाचा कवितासंग्रह मात्र १९५४ मध्ये आला. पुढे ‘खूणगाठी’ या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमडापूरचे सदानंद देशमुख यांनी अध्यापन करीत ‘बारोमास’ ही कादंबरी लिहिली. कोरडवाहू शेतकरी कुटुंबाची होरपळ सांगणाऱ्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

वकिली किंवा प्राध्यापकी यांच्या आधारावर हे लेखन उभे राहिले. हा आधार आज कमकुवत होत आहे. अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण अध्यापकाला वर्षभराच्या मिळकतीची शाश्वती नसते. पूर्वी ज्या वर्गातून स्वतंत्र लेखक येत असे, तो वर्गच आता अस्थिर झाला आहे. पुस्तक छापण्यासाठी बाजूला टाकायला त्याच्याकडे पैसा नाही आणि अप्रिय सत्य लिहिण्यासाठी लागणारी निश्चिंतताही नाही.

माध्यमांविषयीचा अविश्वास :

२००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले. बुलढाणा हा त्यांपैकी एक जिल्हा होता. त्या काळी मुंबईतील एका फॅशन सप्ताहाला पाचशेहून अधिक अधिस्वीकृत पत्रकार उपस्थित असताना विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचे वृत्तांकन करण्यासाठी देशभरातून जेमतेम सहा पत्रकार आले होते, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी वारंवार लक्ष वेधले. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापण्याचा प्रकार गाजला. त्या वर्षीच्या निवडणुकांतील अशा प्रकारांची चौकशी करणाऱ्या भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीचा सविस्तर अहवाल परिषदेने आरंभी पूर्णपणे प्रसिद्ध केला नाही. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो खुला झाला.

या घटनांमुळे वाचकाच्या मनात शंका निर्माण झाली असेल तर तिला अनुचित म्हणता येणार नाही. तालुक्याच्या ठिकाणचा वार्ताहर पुष्कळदा तुटपुंज्या मानधनावर काम करतो आणि त्याच्याकडून जाहिराती मिळवून आणण्याची अपेक्षा असते. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याविरुद्ध बातमी देणे त्याला कसे शक्य होईल? हा दोष त्या वार्ताहराचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे.

तथापि, येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रस्थापित माध्यमांवरील अविश्वास हा स्वतंत्र लेखकाच्या सत्यतेचा पुरावा होऊ शकत नाही. ज्याच्यामागे संपादक नाही त्याने स्वतःच तपासणी अधिक काटेकोर केली पाहिजे, चूक झाल्यास ती त्याच ठिकाणी दुरुस्त केली पाहिजे आणि पैसा कोठून आला हे सांगितले पाहिजे. साईनाथ यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये सुरू झालेला ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य वाचता येतो व तो देणग्यांवर चालतो. विश्वास टिकवायचा असेल तर अशा उपक्रमांनी हिशेबाची पारदर्शकता जपणे अपरिहार्य ठरते.

वाढता खर्च :

पुस्तकाच्या खर्चाचे दोन भाग असतात. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन व मुखपृष्ठ यांचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी तेवढाच राहतो. कागद, छपाई व बांधणी यांचा खर्च प्रतींच्या संख्येनुसार बदलतो. पूर्वी मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारणतः हजार-अकराशे प्रतींची असे. आता ती अनेकदा तीनशे ते पाचशे प्रतींवर येते. त्यामुळे पहिल्या प्रकारचा खर्च थोड्या प्रतींवर विभागला जातो व किंमत वाढते. किंमत वाढली की खप आणखी घटतो. विक्रेत्याचे कमिशन वजा जाता लेखकाच्या हाती पुष्कळदा मानधनाऐवजी काही प्रती पडतात. कित्येकदा तर छपाईचा खर्च त्यालाच सोसावा लागतो.

वस्तू व सेवा कराच्या रचनेत छापील पुस्तकांवर कर नाही, परंतु कागदावर तो आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या बहुतेक कागदावरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. पुस्तक करमुक्त असल्याने कागदावर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. परिणामी ‘करमुक्त’ पुस्तकाच्या किमतीत तो कर मिसळतोच. टपालाच्या बाबतीत, मुद्रित पुस्तकांची सवलतीची नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा सुरू झाली असून ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये असा तिचा मूळ दर ठरविण्यात आला. ही सोय उपयुक्त आहे, परंतु ती अनेक लेखकांना माहीत नाही.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी साहाय्य करते. मात्र तिचा भर पहिल्या टप्प्यावर, म्हणजे पुस्तक निघण्यावर आहे. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांची जबाबदारी स्थानिक समाजालाच घ्यावी लागेल.

सहकाराचा पर्याय :

१९४५ मध्ये केरळातील कोट्टयम येथे बारा लेखकांनी १२० रुपयांच्या भांडवलावर ‘साहित्य प्रवर्तक सहकारी संघ’ स्थापन केला. एम. पी. पॉल हे त्याचे पहिले अध्यक्ष व कारूर नीलकंठ पिळ्ळै हे चिटणीस होते. लेखकांना पुस्तकाच्या किमतीच्या सुमारे ३० टक्के मानधन देण्याची प्रथा या संघाने पाडली. स्वतःची विक्रीव्यवस्था उभारल्यामुळेच त्याला हे शक्य झाले. महाराष्ट्रात साखर, सूत आणि पतपुरवठा या क्षेत्रांत सहकार रुजला. बुलढाणा जिल्ह्याला सहकारी पतसंस्थांचा चांगला अनुभव आहे. लेखनाच्या क्षेत्रात मात्र सहकाराचा विचार आपल्याकडे फारसा झाला नाही.

उपाययोजना :

१. पूर्वनोंदणी : स्थानिक लेखकाच्या पुस्तकाची मागणी ग्रंथालयांनी छपाईपूर्वी नोंदवावी. समजा, २५ महाविद्यालयांनी प्रत्येकी ४ प्रती घेतल्या, तर ३०० प्रतींच्या आवृत्तीचा एक तृतीयांश भाग छापण्यापूर्वीच विकला जातो.

२. मानधन : व्याख्यानाला बोलाविलेल्या लेखकाला शाल-श्रीफळाबरोबर ठरावीक मानधन व प्रवासखर्च द्यावा. सत्काराने संसार चालत नाही.

३. वाचन : फुल्यांच्या मार्गाने जाऊन राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत व ग्रामीण ग्रंथालयांत नव्या पुस्तकांचे जाहीर वाचन घडवून आणावे. त्या ठिकाणी पुस्तकविक्रीही व्हावी.

४. परीक्षण : महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांनी प्रत्येक अंकात जिल्ह्यातील किमान एका पुस्तकाचे सविस्तर परीक्षण छापावे. गौरवापेक्षा चिकित्सेची लेखकाला अधिक मदत होते.

५. सोबत : एखाद्या लेखनावर गदारोळ झाल्यास महाविद्यालयाने ते लेखन प्रथम वाचावे व त्यावर चर्चा घडवून आणावी. न वाचता मौन पाळणे हे लेखकाला एकटे पाडणेच होय.

६. मर्यादा : साहाय्य करणाऱ्या संस्थेचा मजकुरावर अधिकार राहणार नाही, असे लेखी ठरवावे. अन्यथा एका मालकाच्या जागी दुसरा मालक येईल.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, स्वतंत्र लेखनाचा प्रश्न केवळ छपाईच्या खर्चाचा नाही. ताराबाईंचे पुस्तक छापले गेले होते. ‘मूकनायक’ला मोठी देणगी मिळाली होती. तरीही दोन्ही ठिकाणी पुढचा आधार तुटला. ‘अस्मितादर्श’ टिकले, कारण उपजीविका, वाचक आणि सोबत या तिन्ही गोष्टी त्याला एका परिसरात लाभल्या. हा परिसर महाविद्यालयाचा होता, ही बाब अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्रंथालय, सभागृह, संशोधनपत्रिका आणि विद्यार्थी ही साधने आजही प्रत्येक महाविद्यालयाजवळ आहेत. त्यांसाठी नव्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

बुलढाण्याने एक लेखिका जगाला दिली आणि तिच्या हयातीत तिला दुसरे पुस्तक लिहिण्याइतका आधार मिळू शकला नाही. आज जिल्ह्यातील एखाद्या गावात कोणी तरुणी किंवा तरुण असेच एखादे पहिले पुस्तक लिहीत असेल. त्या लेखकाचे दुसरे पुस्तक निघते की नाही, यावरच आपल्या पाठबळाची परीक्षा होणार आहे.